नवव्या प्रकरणातली टकटक

पहिली तक्रार वाचनालयातून आली. अंध वाचकांसाठी चालवलेलं वाचनालय ते. तिथली पुस्तकं कानांनी वाचतात. आई त्यांच्यासाठी एक तीन खंडांची जाडजूड कादंबरी घरी बसून मोठ्याने वाचायची आणि घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायची. वाचनालयाच्या बाई फोनवर फार अदबीने बोलल्या. नववं प्रकरण सगळ्यांना आवडलं म्हणाल्या, फक्त एक शंका आहे: मधूनमधून दारावर टकटक करतंय ते कोण? काहींच्या मते नायकाचा काका परत आला असावा. एका आजोबांनी तर शेजारच्याला उठवून दार उघडायला पाठवलं होतं.

आईने नववं प्रकरण पुन्हा चाळलं. काका त्यात नव्हता. काका सातव्यातच वारला होता, आणि आईने त्याला इतकं मन लावून मारलं होतं की तो परत येईल अशी शंका कुणाला यावी, हेच तिला लागलं.

संध्याकाळी धाकटा मुलगा दवाखान्यातून आला. धाकटा दंतवैद्य. लहानपणी पुढचे दोन दात जरा बाहेर होते म्हणून घरात त्याला सशा म्हणत. दात त्याने मोठेपणी सरळ करून घेतले, नाव तसंच राहिलं. त्याने हेडफोन लावून टकटक ऐकली, मग गुडघे टेकून टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावला. आत टक, टकटक, मग बारीकसं किर्र, मग पुन्हा टक.

"कुणी आलेलं नाही," तो म्हणाला. "कुणीतरी चाललंय. हार्ड डिस्क."

आईने मान डोलावली आणि मुठीचा फोन करून कानाशी धरला. म्हणजे: बापूला विचारते.

सशाच्या पोटात जळजळ सुरू झाली ती इथे.

बापू हा थोरला. तो विमानानेच गाठावं लागेल इतक्या लांब राहायचा आणि एका मोठ्या कॉम्प्युटर कंपनीत होता. तिथे तो नेमकं काय करतो हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. सशाने एकदा खोदून खोदून विचारलं तेव्हा निघालं की कुणाचं टेबल कुठल्या मजल्यावर ठेवायचं हे बापू ठरवतो. पण कंपनी कॉम्प्युटरची, त्यामुळे आईच्या लेखी प्रश्न मिटला होता. दुधाच्या कारखान्यातल्या कारकुनाला गाईच्या बाळंतपणाचं विचारावं, तसा तो प्रकार होता.

आणि हे आजचं नव्हतं. नळ गळायला लागला की बापू फोनवरून 'वायसर असेल' म्हणायचा, सशा पान्हा घेऊन मोरीत शिरायचा, आणि आई शेजारणीला सांगायची, बापूने नळ दुरुस्त केला, तिकडून. शेजारीण विचारायची, सशा नव्हता का घरी? आई म्हणायची, होता की, तो भिजला.

या खेपेला मात्र मामला नळाइतका साधा नव्हता. दीड वर्ष रोज दुपारी वाचून वाचून आईच्या स्वरयंत्रावर गाठ आली होती. कादंबरीचं शेवटचं प्रकरण कसंबसं संपलं आणि घशाच्या डॉक्टरांनी तिला जवळजवळ मुकी केली. दिवसाकाठी अगदी मोजकं बोला म्हणाले, तेही हळू. आणि मोठ्याने वाचणं आता विसरा. वाचनालयाला फक्त पहिला खंड पोचला होता. बाकीचे दोन त्या टेबलाखालच्या डिस्कवर होते, दुसरीकडे कुठेही नव्हते. डिस्क गेली तर कादंबरी पुन्हा वाचायला आईकडे गळा नव्हता. हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलून दाखवत नव्हतं; आई तर डॉक्टरांच्या हुकमानेच.

डॉक्टरांनी दिलेले ते मोजके शब्द आई कसे वापरायची, हे सशाचं वेगळं दुखणं होतं. दिवसभर ती खुणांवर भागवायची. मीठ कमी, पंखा बंद, तुझं बटण तुटलंय, सगळं हातवाऱ्यांनी. सशा दवाखान्यातली गंमत सांगायला बसला की ती डोळ्यांनी हसायची. मग संध्याकाळी बापूचा फोन यायचा आणि आई दिवसभर शिल्लक टाकलेले शब्द काढून त्याच्यापुढे ठेवायची. एकदा तिने त्याला विचारलं, तिकडे थंडी आहे का? हे वाक्य सशाला कित्येक दिवस पुरलं. तिकडच्या थंडीसाठी शब्द आहेत, आणि इथल्या बटणासाठी बोट.

"मग तुम्हीही लांब राहायला जा," त्याची बायको म्हणाली. "मी रोज फोन करेन."

रविवारी सकाळी दुरुस्तीची सभा भरली. सशा टेबलाखाली, डोक्याला दवाखान्यातला दिवा बांधलेला, हातात दात बघायचा तो छोटासा आरसा. आई खुर्चीवर, मांडीवर फोन, फोनचा आवाज मोठा केलेला. बायको दारात उभी राहून चहा पीत होती. दात किडलाय की काढावा लागेल, एवढं तिने एकदा विचारून घेतलं.

लांबलचक सूचना चालणार, तिथे हो-नाही म्हणण्यात शब्द कशाला घालवायचे, म्हणून आईने चमचा घेतला होता. हो असेल तर टेबलाच्या पायावर एकदा, नाही असेल तर दोनदा. ही पद्धत बापूला आधी सांगायला हवी होती. सांगितली नाही. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने सांगितली असेल.

बापू म्हणाला, डब्याचं झाकण काढ. ते सशाने आदल्या दिवशीच काढलं होतं. बापू म्हणाला, धूळ झटक. सशाने धुळीतच तोंड घातलं होतं. बापू म्हणाला, डिस्कला जोडलेली केबल काढून परत बसव. सशाने बसवली. पडद्यावर डिस्कचं चित्र आलं, आई सरसावून बसली, आणि चित्र गेलं. दवाखान्याच्या दारापर्यंत येऊन पळून जाणारे पेशंट असतात, त्यांची सशाला आठवण झाली. मग नवी केबल लावून झाली. ती त्याने स्वतःच दवाखान्यातून आणली होती. मग केबलचं दुसरं टोक बोर्डावरच्या दुसऱ्या खोबणीत. चित्र आलं, गेलं. आतून टक, टकटक. शेवटी विजेची वायर बदलायची ठरली, म्हणून सशाने जुनी काढून हातात घेतली.

"थांबा," बापू तिकडून म्हणाला. "सगळ्यांनी गप्प बसा. मला डिस्कचा आवाज ऐकू दे."

सगळे गप्प बसले.

"आई, फोन डब्याजवळ धरलायस ना?"

आईने फोन खाली धरला आणि चमच्याने टेबलाच्या पायावर एकदा वाजवलं. टक.

"हां, आला. आई, तुलाही ऐकू येतोय का?"

टक.

"एकदम स्वच्छ आहे. आणि सशा, लक्षात घे, मी बोललो की येतो, मी थांबलो की थांबतो. थांबतो ना, आई?"

टक.

"बघ. एकदम नियमित," बापू खूश होऊन म्हणाला. "डिस्कची तब्येत ठणठणीत आहे. बिघाड फाइलींत आहे."

त्या वेळी डिस्कची विजेची वायर सशाच्या हातात होती. डिस्क बंद होती.

बापूने निकाल सुनावला. कॉम्प्युटरमध्येच पूर्ण तपासणी आणि दुरुस्तीची सोय असते. ती चालवायची, सगळी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासू द्यायची, खराब जागा ती आपोआप नीट करते. सशा टेबलाखाली गार पडला. गेल्या वर्षी त्याच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरची डिस्क अशीच टकटक करायला लागली होती, आणि त्याने हीच तपासणी हौसेने चालवली होती, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. डिस्क तपासणीतच आटोपली आणि तिच्याबरोबर अर्ध्या गावाच्या जबड्यांचे एक्स-रे गेले. दुरुस्तीवाला नंतर म्हणाला होता, आवाज करणाऱ्या डिस्कमध्ये थोडाच दम उरलेला असतो. तो कॉपी काढण्यात घालवायचा, तपासण्यात नाही. हलत्या दाताने चणे फोडून दात किती हलतो ते बघत नाहीत. हे शेवटचं सशाने स्वतः घातलेलं, पण मुद्दा तोच.

"दादा, आधी कॉपी काढूया का?" त्याने टेबलाखालून विचारलं.

बापू समजुतीने हसला. बिघडलेल्या फाइलींची कॉपी काढलीस तर बिघाडाचीच कॉपी निघेल, म्हणाला. आधी दुरुस्ती, मग कॉपी. ऐकायला इतकं बरोबर वाटलं की बायकोनेही दारात मान डोलावली.

आणि मग आईने चमचा खाली ठेवला आणि दिवसाच्या शब्दांतले पाच खर्च केले.

"सशा, त्याचं क्षेत्र आहे ते."

सशाने तोंड उघडलं होतं. दादा, तो आवाज आईच्या चमच्याचा होता, एवढंच म्हणायचं होतं. ते पाच शब्द ऐकले आणि त्याने तोंड मिटलं. पेशंटना तो दिवसभर तोंड उघडं ठेवा सांगतो. मिटलेलं तोंड किती सुखाचं असतं ते त्याला त्या दिवशी कळलं. क्षेत्र त्याचं. डिस्क मरू दे त्याच्या क्षेत्रात. उद्या सगळ्या घराला, शेजारणीला, वाचनालयाच्या बाईंना कळेल की बापूने कादंबरी घालवली, तिकडून.

ठरलं असं की मंगळवारी सकाळी, ऑफिसला निघण्याआधी बापू फोनवर हजर राहील आणि त्याच्या देखरेखीखाली तपासणी सुरू होईल. तोवर कॉम्प्युटरला कुणी हात लावायचा नाही. सशा म्हणाला, बरं. इतक्या नम्रपणे म्हणाला की बायकोने चहाचा कप खाली घेऊन त्याच्याकडे नीट पाहिलं.

आईचे दोन खंड मात्र त्याला मारवेनात. दुष्टपणा करायचा तर पोटात थोडी जागा लागते, आणि ती सगळी जळजळीने भरलेली होती. म्हणून त्याने मधली वाट काढली. सोमवारी सकाळी त्याने गुपचूप डिस्क डब्यातून सोडवली, टॉवेलात गुंडाळली आणि दवाखान्यात नेली. गुपचूप कॉपी काढायची. मंगळवारी डिस्क जागेवर, सगळे हजर, बापूच्या हुकमाने तपासणी, डिस्कचा अंत. मग थोडा वेळ सगळ्यांना रडू द्यायचं. बापूने आपल्या तोंडाने 'माझं चुकलं' म्हणेपर्यंत. ते फोनच्या मोठ्या आवाजात ऐकायचं, आईला ऐकवायचं, आणि मग खिशातून कॉपी काढायची. योजनेत त्याला कुठे खोट दिसेना.

दवाखान्यात डिस्क त्याने हत्यारांच्या ट्रेमध्ये रबराच्या पट्टीवर आडवी ठेवली, पंखा तिच्याकडे वळवला, एक्स-रेच्या कॉम्प्युटरला जोडली आणि एकेक प्रकरण नव्या, छोट्या डिस्कवर उतरवायला सुरुवात केली. सगळं एका दमात मागितलं की जुनी डिस्क हटून बसायची. एकेक मागितलं की कुरकुरत द्यायची. मधूनच टकटक करायची. खुर्चीतल्या पेशंटांनी हा आवाज आपल्याच तोंडातून येतोय असं धरून चालून घाम पुसला. एका काकूंनी दाढ काढून घ्यायचा बेत तिथेच रद्द केला.

उतरलेलं प्रकरण नीट वाजतंय ना, हे सशा सुरुवात ऐकून बघायचा. आणि प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला आईचा आवाज यायचा, गाठीच्या आधीचा, भरलेला: "बापू, बापू, बापू."

हे प्रकरण त्याला जुनं होतं. वाचनालयाने आईला सांगितलं होतं की माइक तपासताना ओठ मिटून फुटणारी अक्षरं म्हणा, त्यांनी माइक फटकन वाजतो की नाही ते कळतं. आईला त्यासाठी घरातच शब्द सापडला. सशाने त्या वेळी सहज सुचवल्यासारखं विचारलं होतं, माझं नाव का नाही घेत? आई म्हणाली होती, तुझ्या नावात दोन्हीकडे स-श, माइकवर फुसफुसतं रे. कारण बिनतोड होतं. बिनतोड कारणांनी माणसाचं समाधान होतं असं कुणी सांगितलं असेल तर त्याला मोठा भाऊ नसावा.

तर दिवसभर दवाखान्यात बापू, बापू चाललं. भूल उतरत असलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, हे बापू कोण? सशा म्हणाला, तोंड बंद करू नका.

तिसऱ्या खंडाचं शेवटचं प्रकरण काही केल्या उतरेना. अर्ध्यावर यायचं आणि डिस्क टकटक करून गप्प. सशाने तिला थंड होऊ दिलं, पुन्हा लावली. उलटी ठेवली, कुशीवर ठेवली. संध्याकाळचे पेशंट बाहेर खोळंबले होते. शेवटी त्याने तिला तळहातावर घेतलं, दात काढल्यावर घाबरलेल्या मुलांच्या हनुवटीखाली हात धरतो तसं, आणि ते प्रकरण सावकाश, आवंढे गिळत, संपूर्ण आलं. सशाने ते पूर्ण ऐकलं नाही. फक्त सुरुवात ऐकली. या खेपेला आई थकलेल्या आवाजात एकदाच म्हणाली होती, बापू.

मंगळवारी सकाळी डिस्क जागेवर होती, कॉपी सशाच्या शर्टाच्या खिशात. आई खुर्चीवर. चमचा घासायला गेला होता. बायको शाळेत शिकवायची, तिला लवकर जायचं होतं, म्हणून ती गेली होती. एवढं चांगलं नाटक चुकवतेय याची सशाला हळहळ वाटली. बापूने फोनवर सूचना दिल्या, सशाने त्या शब्दशः पाळल्या. तपासणी सुरू झाली. पडद्यावर आकडे सरकले, थबकले, सरकले.

टक. टकटक. मग आजवर न ऐकलेला एक लांब खरखरीत आवाज, डब्यात कुणीतरी खुर्ची ओढल्यासारखा. मग काहीच नाही. पडद्यावर ओळ आली की अशी कुठली डिस्क या कॉम्प्युटरला जोडलेली नाही.

"काय झालं?" बापूने विचारलं. "आई? काय दिसतंय?"

सशा गुडघ्यांवर उभा राहिला. आता. त्याने आईकडे पाहिलं. आईने ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. चष्मा पुसून वाचली. मग फोन तोंडाजवळ घेतला आणि ज्या आवाजात ती कादंबरी वाचायची त्या आवाजात, गाठीला न जुमानता म्हणाली:

"झालं, बापू. सगळं आलं परत. तू होतास म्हणून."

तिकडून बापू म्हणाला, अरे वा, छान झालं, मला उशीर होतोय, आणि फोन ठेवला.

सशाच्या योजनेत हे नव्हतं.

आई रडली नाही. तिने टेबलावरचा दुसरा खंड ओढून घेतला, पहिलं पान उघडलं, ताठ बसली, आणि वाचायला तोंड उघडलं. पहिल्या ओळीचे दोन शब्द बाहेर आले, त्यापुढे नुसती हवा. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"आई," सशा म्हणाला. "आई, नको. आहे सगळं. कॉपी आहे माझ्याकडे."

त्याने खिशातली डिस्क काढून उघड्या पुस्तकावर ठेवली. आईने तिला हात लावला, मग हात लावूनच ठेवला. तिने विचारलं, "केव्हा काढलीस?"

"काल."

तीन खंड मोठ्याने वाचलेल्या बाईला कथानक समजावून सांगावं लागत नाही.

"म्हणजे मी आत्ता खोटं बोलत होते, तेव्हा ही तुझ्या खिशात होती."

"दादा 'चुकलं' म्हणायची वाट बघत होतो."

सशाला वाटलं आता आई बोलणं बंद करेल, आणि या खेपेला डॉक्टरांच्या हुकमाने नव्हे. पण तिने पुस्तक बाजूला सारलं, आणि त्या दिवसाचेच नाही तर पुढच्या कितीतरी दिवसांचे शब्द त्याच्यासमोर मांडले.

"बापूला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही," ती म्हणाली. "नळातलंही कळत नाही. मला काय ठाऊक नाही? त्याची ती टेबलं मला ठाऊक आहेत."

"मग विचारतेस कशाला त्याला?"

"दुसरं काय विचारू? इतक्या लांबच्या माणसाला विचारण्यासारखं उरतं काय? तिकडे थंडी आहे का, संपलं. नळ गळतो, डिस्क वाजते, म्हणून तो तासभर घरात असतो." तिने घसा दाबून धरला. "तू इथे आहेस म्हणून तर विचारते, गाढवा. त्याचं ऐकून काही मोडलंच, तर तू आहेस."

मग तिने बोट ओठांवर ठेवलं, फोनकडे दाखवलं आणि मान हलवली. बापूला कळता कामा नये. शब्द संपले होते.

दवाखान्यात सशा हे वाक्य दिवसभर उलटसुलट करून बघत होता. कौतुकच होतं ते, यात संशय नव्हता. पण कौतुकाला मागच्या बाजूने धरल्यासारखं वाटत होतं. बापू घरात तासभर असावा म्हणून डिस्क. डिस्क मोडली तर सशा. म्हणजे आपण दोघांच्या मधली केबल. आणि सकाळचा तो आवाज. घसा फाटला तरी चालेल अशा बेताने आईने बापूसाठी खोटं काढलं होतं. खरं काय ते मात्र आपल्याला घोगऱ्या आवाजात.

संध्याकाळी बापूचा फोन आला, थेट दवाखान्यात. हे कधी व्हायचं नाही.

"गेली ना डिस्क?" त्याने विचारलं.

सशाने आईची आज्ञा आठवून काहीतरी पुटपुटायचा प्रयत्न केला. बापूने त्याला पुरतं करू दिलं नाही. रविवारी ऐकला तो आवाज आणि आज ऐकला तो आवाज एक नव्हता, म्हणाला; आजचा डिस्कचाच होता. रविवारचा काय होता?

"चमचा," सशा म्हणाला. "आईचा. एकदा वाजला की हो."

बापू बराच वेळ हसला. मग त्याचं हसणं थांबलं. "कॉपी काढली होतीस ना तू?"

"काढली होती."

"मला वाटलंच. नाहीतर तू टेबलाखालून भांडला असतास माझ्याशी." मग म्हणाला, "सशा, चुकलं माझं. मला त्यातलं काही कळत नाही रे. पण आई विचारते, आणि मला नाही म्हणवत नाही."

आली. ती तीन अक्षरं आली, आणि ऐकायला खुर्चीत एक अनोळखी गृहस्थ तोंड उघडून बसलेले, बाकी कुणी नाही.

"आणि हे बघ," बापू म्हणाला, "मला कळलंय हे आईला सांगू नकोस. एवढ्या सुंदर आवाजात खोटं बोलली ती माझ्यासाठी. तसं ती मला लहानपणी शाळेत सोडताना बोलायची, मी इथेच उभी आहे म्हणून. तिला वाटू दे मला पटलं."

सशा म्हणाला, बरं.

रात्रीचं जेवण होईपर्यंत त्याने धीर धरला, मग गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत असलेल्या बायकोला सगळं सांगितलं. आईने बापूपासून काय लपवलं, बापू आईपासून काय लपवतोय, आणि दोन्ही आपल्या डोक्यावर कसं ठेवलंय. बायकोने चादरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं. म्हणाली, मग झालं की, चांगलं झालं. पुस्तक वाचलं, आई सुखात, भाऊजी सुखात.

"तसं नाही," सशा म्हणाला. "दोघं एकमेकांसाठी केवढं जिवापाड खोटं बोलतात बघ. माझ्याशी सगळे खरंच बोलतात. आजवर माझ्यासाठी कुणी एक खोटं बोललंय?"

"मी बोलते की," बायको म्हणाली. "शाळेत सगळ्याजणी विचारतात, घरात थोरल्याचं एवढं कौतुक चालतं, तुमच्या मिस्टरांना वाईट नाही वाटत? मी सांगते, छे हो, त्यांच्या मनातसुद्धा येत नाही. फार मोठ्या मनाचे आहेत."

सशाने चादरीची घडी घातली. त्याला खरोखरच बरं वाटलं. मोठ्या मनाचे, हे त्याने मनात दोनदा म्हणूनही पाहिलं. घडी नीट जुळली होती, तरी त्याने ती उगाच पुन्हा उलगडली.

"आणि दादाबद्दल?" त्याने विचारलं. "दादाबद्दल काय सांगतेस त्यांना?"